मुकी नळी

"बाई, त्याला इथंच राहू द्या," खाजामियाँ दुसऱ्यांदा म्हणाले, पण साखराबाई ऐकायला तयार नव्हती. हरण्याचा कासरा तिनं मनगटाला गच्च गुंडाळून घेतला होता. समोर चांद्या एका कुशीवर पडला होता. काल पाण्यावर जाताना त्याचा पाय खडीच्या खड्ड्यात गेला आणि गुडघ्याखाली मोडला. हाड बाहेर आलं होतं, त्यावर माश्या बसत होत्या. गुरांच्या डॉक्टरांनी सकाळीच कागदावर लिहून दिलं होतं की हे जनावर उभं राहणार नाही, त्याचे हाल थांबवावेत.

हरण्या आणि चांद्या ही साखराबाईची बैलजोडी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, त्यातली नऊ या दोघांच्या जिवावर काढलेली. वैरण संपली तेव्हा ती दिंद्रुडकडून दोघांना चालवत इथं घेऊन आली होती.

"हरण्याला कळू देऊ नका, खाजाभाऊ," ती म्हणाली. "तुमची ती मुकी हाय ना? मग कसं कळंल त्याला? ताडपत्रीच्या पल्याड बांधते, वाढं टाकते. त्याच्या कानावर कायबी जायला नको."

ही बोलणी चालली होती ती नेकनूरच्या रस्त्याला सोसायटीनं उघडलेल्या गुरांच्या छावणीत. बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात येऊन पोचला होता आणि जाण्याचं काही नाव घेत नव्हता. अकराशे जनावरं दावणीला होती. सोसायटीचे ट्रक घाटाखालच्या उसाच्या मुलखातून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणत, ते माणसामागे नाही, शेपटीमागे मोजून वाटलं जाई. खाजामियाँ गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, आणि दुष्काळ पडल्यापासून त्यांचा मुक्काम दवाखान्यापेक्षा छावणीतच जास्त असे.

आता ही मुकी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. ते होतं पिस्तूल, पण पिस्तुलासारखं अजिबात दिसत नसे. दीड वीत लांबीची जाड काळी नळी, सायकलचा पंप म्हणून कुणी दाखवली असती तर खपून गेली असती. गोळी सुटली तरी भरल्या पोत्यावर थाप मारावी एवढाच आवाज. महायुद्धात खाजामियाँ खेचरांच्या पलटणीत सलोतरी होते, म्हणजे जनावरांची दुखणीखुपणी बघणारे. ब्रह्मदेशच्या जंगलात एखादं खेचर दरीत पडून मोडलं, की त्याला साध्या बंदुकीनं सोडवायची सोय नव्हती. एक तर शत्रूला पत्ता लागायचा, दुसरं म्हणजे पाठीवरच्या ओझ्यासकट बाकीची खेचरं उधळायची. म्हणून साहेबानं त्यांच्या हाती ही नळी दिली. देताना साहेब हसून म्हणाला होता की खरं तर ही वेगळ्याच कामासाठी बनवली आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याला अशी घालायची, की दहा पावलांवर उभ्या असलेल्या त्याच्या सोबत्याला कळूही नये. खाजामियाँनी ते ऐकून घेतलं होतं. आपण जनावरांचेच बरे, असं त्यांनी तेव्हा मनाशी ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

लढाई संपल्यावर लष्कराचं नको झालेलं सामान खात्याखात्यांत वाटलं गेलं, त्यात तसलीच एक नळी जनावरांच्या खात्याकडे आली आणि पंचवीस वर्षं कपाटात पडून राहिली. छावणी सुरू झाली तेव्हा पहिल्या मोडक्या बैलासाठी पोलिसाची बंदूक आणली होती. त्या एका बारानं दोनशे जनावरांनी खुंटे उपटले आणि एक गाभण गाय पायदळी गेली. मग कुणाला तरी कपाटाची आठवण झाली, आणि नळी चालवता येणारा माणूस जिल्ह्यात एकच निघाला. तेव्हापासून सोळा जनावरं तिनं सोडवली होती. शेजारच्या दावणीचा रवंथसुद्धा कधी थांबला नव्हता. छावणीत लोक खाजामियाँना दुवा देत. मरण आणणाऱ्या माणसाला कुणी दुवा द्यावा, ही गोष्ट त्या साली कुणालाच विचित्र वाटत नव्हती.

एरवी खाजामियाँ जोडीदाराला जवळच ठेवायला सांगत. पडलेलं जनावर त्यामुळे शांत राही. पण साखराबाईच्या मागणीत वावगं काय, हे त्यांना सांगता येईना. सांगणार तरी कुठल्या तोंडानं? तीन महिने ते स्वतः घरी दुसरं काय करत होते?

"बरं. न्या त्याला," ते म्हणाले.

साखराबाईनं हरण्याला ताडपत्रीपलीकडे बांधलं, वाढ्याची पेंढी त्याच्यापुढे टाकली आणि परत येऊन चांद्याला गूळ लावलेला पिठाचा गोळा भरवला. खाजामियाँनी नेहमीप्रमाणे जनावराच्या डोळ्यांवर तळहात ठेवला, कानाशी वाकून त्याचं नाव घेतलं. मग थाप पडली. ताडपत्रीच्या पलीकडे हरण्या वाढं चावत होता, त्याचा करकर आवाज तेवढा येत राहिला. चौघांनी चांद्याला मागच्या अंगानं नेलं, खड्ड्यात घातलं, वर चुना टाकला. साखराबाई पदरानं तोंड पुसून म्हणाली की फार चांगलं झालं, हरण्याला काही कळलं नाही.

बीबीजानलाही काही कळलं नव्हतं.

मकसूद हा खाजामियाँचा एकुलता एक मुलगा. सोसायटीच्या वाढ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. बकरीदच्या आठव्या दिवशी घाटात ट्रक उलटला. सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव स्वतः दवाखान्यात आले आणि खाजामियाँचा हात धरून बसले. तेव्हा बीबीजान अंथरुणाला खिळलेली होती. काळीज कमजोर आहे, धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खाजामियाँनी घरी लस आणायला जातो म्हणून सांगितलं, घाटाखालच्या गावी गेले, तिथल्याच कबरस्तानात आपल्या हातानं पोराला माती दिली आणि तिसऱ्या दिवशी परत आले.

तिला थोडी हुशारी येईपर्यंत सांगायचं नाही, असं सोसायटीच्या ओट्यावर ठरलं. एरवी या सोसायटीत एकेका ठरावापायी तीन तीन बैठका मोडत. हा एकमतानं झाला. मकसूद सोसायटीच्या कामावर गुजरातेत गेला आहे, तिकडून धान्य आणतोय, असं सांगायचं. पण आई म्हटल्यावर पत्राची वाट बघणार. मग खाजामियाँ रात्रपाळीच्या चौकीत बसून उर्दूत पत्र लिहू लागले. पोस्टातला भारत त्यावर शिक्का मारी, थैलीत घाली आणि दारात येऊन गंभीर तोंडानं हाक देई. बीबीजान त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे, आणि तो बिचारा बशीत बघत तो प्यायचा. तिला वाचता येत नव्हतं. पत्र लिहिणाराच ते तिला वाचून दाखवी. सारं नेकनूर या खोटेपणात सामील होतं आणि त्यात कुणाचाही काडीचा फायदा नव्हता.

औषधानं झालं नाही ते त्या पत्रांनी केलं. बीबीजान उठून बसली, भिंत धरून चालली, पुढे चूलही पेटवू लागली. आता सांगावं, असं खाजामियाँ दर शुक्रवारी ठरवत आणि तिचा उजळलेला चेहरा बघून पुढच्या शुक्रवारवर ढकलत. आईला हिंडताफिरता येऊ लागल्यावर ती काय करणार? तिनं मुलासाठी मुलगी बघितली. बीडच्या एका फळवाल्याची लेक, सईदा. लांबच्या नात्यातली, लहानपणापासून मकसूदला बघितलेली. बीडला या घरातली खबर पोचली नव्हती, त्यामुळे तिकडून आनंदानं होकार आला.

खाजामियाँनी टाळायचा प्रयत्न केला. घरात दोघं दखनीत बोलत, आपण ते मराठीतच ऐकू.

"पोराला तर विचारू दे," ते म्हणाले.

"विचारायचं काय त्यात?" बीबीजान म्हणाली. "त्यानंच लिहिलं न्हाई का, अम्मीची मर्जी तीच माझी मर्जी?"

ते वाक्य खाजामियाँनी दुसऱ्या पत्रातच घातलं होतं. काय लिहावं ते सुचेना, म्हणून. येता शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारी सईदाची माणसं मंगनीसाठी नेकनूरला यायची होती.

छावणीत हरण्याचं बिनसलं ते दुसऱ्याच दिवशी. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो दावणीला उभा राही तो उजवीकडे सरकून, डावीकडची जागा मोकळी सोडून. चांद्या डाव्या अंगाचा बैल होता. पाण्यावर नेला की चार घोट घेई आणि हौदापासून बाजूला होऊन उभा राही, दुसऱ्यानं प्यावं म्हणून. कुणी पुढे येत नसे. तरी तो परत तोंड लावत नसे. पाचव्या दिवसापासून त्यानं वाढ्याला तोंड लावणं सोडलं. छावणीच्या फाटकाकडे तोंड करून उभा राहायला लागला.

खाजामियाँनी ताप बघितला, पोट दाबून बघितलं, जीभ ओढून बघितली. काही निघालं नाही. काढा पाजला, तो त्यानं मुकाट गिळला. साखराबाई त्याच्या गळ्याखाली हात घालून बसून असे. तिनं विचारलं की याला झालंय तरी काय, तेव्हा उत्तर दिलं ते गहिनीनाथनं. हा छावणीचा राखणदार, सत्तरीचा माणूस, सगळा जन्म गुरांमागे गेलेला. फारसं बोलत नसे.

"त्याला कायबी झालं न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "तुमी दोघांनी त्याला फसवलं. जोडीदार मेला तर जनावराला हुंगू द्यावं लागतं. ते वास घेतं, हंबरतं, दोन दिस आडवंतिडवं करतं, अन् मंग खाली मान घालून वैरणीला लागतं. ह्याला कुनी सांगितलं? ह्याच्या लेखी चांद्या पान्यावर गेलाय. येतोय म्हनून थांबलाय त्यो."

पोलिसाच्या बंदुकीनं गेलेल्या त्या पहिल्या बैलाचा जोडीदार खाजामियाँना आठवला. खुंटा उपटून रक्तापाशी आला होता, दिवसभर हंबरून हंबरून त्यानं छावणी डोक्यावर घेतली होती. चौथ्या दिवशी तोच बैल पेंढीसाठी दुसऱ्याला ढुशी देत होता. आणि आपण समजत होतो, आवाज मारला म्हणजे दुःखही मारलं.

त्यांनी हरण्याला खड्ड्याकडे नेलं. साखराबाई पुढे, खाजामियाँ मागे. नऊ दिवस झाले होते, वर कमरेएवढी माती आणि चुना. हरण्यानं माती हुंगली. चुना नाकात गेला तसा फुरफुरला, इकडेतिकडे बघितलं आणि छावणीच्या फाटकाकडे तोंड फिरवलं. खाजामियाँनी खाली बसून हातांनी माती उकरायला सुरुवात केली. गहिनीनाथनं येऊन त्यांच्या खांद्याला धरून उठवलं.

"आता न्हाई उपेग, मियाँ. येळ गेली," तो म्हणाला.

बाराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, हरण्या बसला तो उठला नाही. बसतानाही डावीकडे एका बैलापुरती जागा त्यानं सोडली होती. त्याच्यासाठी नळी काढावी लागली नाही. साखराबाई रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. खाजामियाँ तिच्यापुढे मान खाली घालून उभे होते, तर तीच त्यांना म्हणाली, "माझंच ऐकून केलं तुमी. मला वाटलं, कळलं न्हाई तर दुखणार न्हाई."

उद्या शुक्रवार होता. खाजामियाँनी नळी पेटीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, हात धुतले आणि भर दुपारी घरी आले. वाटेत भारत भेटला. नवं पत्र आहे का, असं त्यानं नुसत्या डोळ्यांनी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

बीबीजान उद्याच्या पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत बसली होती. या वेळेला नवरा दारात बघून तिला नवल वाटलं. खाजामियाँ तिच्यासमोर जमिनीवर बसले. वाटभर त्यांनी कितीतरी तऱ्हांनी जुळवाजुळव केली होती, पण असली गोष्ट वळण घेऊन सांगता येत नाही.

"बीबी, मकसूद राहिला न्हाई," ते म्हणाले. "बकरीदच्या आठव्या दिवशी गेला. घाटात गाडी उलटली. मी माझ्या हातानं माती दिली त्याला."

तिची बोटं थोडा वेळ तांदळात फिरत राहिली. दोन खडे निघाले, ते तिनं बाजूला टाकले.

"मग पत्रं?"

"मीच लिहायचो."

"भारतला ठाऊक होतं?"

"होतं."

"गावाला?"

"सगळ्यांना."

मग ती ओरडली. ती ओरडली तशी शेजारपाजारच्या बाया हातातली कामं टाकून धावत आल्या आणि दारातच थबकल्या, कारण त्यांना आत काय झालं ते विचारावं लागलं नाही. त्यांच्यातल्या एकीनं पदर तोंडात कोंबला. बीबीजान जमिनीवर कपाळ आपटत होती, मुलाचं नाव घेत होती, मला माझ्या पोराचं तोंड बघू दिलं नाही म्हणून नवऱ्याच्या छातीवर मुठी मारत होती. खाजामियाँनी तिचे हात धरले नाहीत, तिला गप्प केलं नाही. तिच्या काळजाला आता काय होईल या भीतीनं त्यांचा जीव मुठीत आला होता, तरी त्यांनी गप्प केलं नाही. तीन महिन्यांत त्यांना स्वतःलाही रडता आलं नव्हतं. ते तिच्याबरोबर रडले.

बऱ्याच वेळानं तिचा आवाज बसला. भिंतीला टेकून ती त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी जुळवत असावी.

"माती देऊन तुमी त्याच दिवशी घरी आलात?"

"दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी."

"लस घेऊन आलो म्हनालात, त्या दिवशी?"

"हां."

"त्या एका दिवशी म्या कशीबशी अंथरुणातनं उठून सालन केलतं," बीबीजान म्हणाली. "कुर्बानीच्या सुकवलेल्या गोश्ताचं, मकसूदसाठी झाकून ठेवलतं. तो आला न्हाई म्हणून तुमाला वाढलं. तुमी दोन डाव मागून घेतलं."

"घेतलं," खाजामियाँ म्हणाले. "न्हाई घेतलं असतं तर तुला कळलं असतं."

बीबीजाननं त्यांचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उलटासुलटा करून बघितला.

"कसं गिळलं हो? एकट्यानं?"

दारातल्या बाया एकेक करून मागे सरल्या. त्या घराच्या अंगणात तेवढा वेळ कुणीच नव्हतं.

मग बीबीजान उठली. तिनं तोंडावर पाणी मारलं, निवडलेला तांदूळ डब्यात परत ओतला, डोक्यावर ओढणी घेतली आणि चपला शोधायला लागली. खाजामियाँना वाटलं, कबर बघायला निघाली. घाटाखालची गाडी सकाळी असते, असं ते म्हणाले.

"तिकडं उद्या जाऊ," ती म्हणाली. "आज बीडला जायचंय. साडेतीनची गाडी हाय न्हवं?"

त्यांनी समजावलं की तू बस, मी जातो, नाहीतर अर्जुनराव माणूस पाठवतील, निरोप पोचवतील. तुला इतकं चालवणार नाही. बीबीजान उंबऱ्यात थांबली.

"निरोप न्हाई पाठवायचा. त्या पोरीला हो म्याच म्हणायला लावलं. तिला म्याच सांगणार."

छावणीवरून जाताना एस्टीच्या खिडकीतून तिनं बाहेर बघितलं नाही. बीडला उतरल्यावर तिला दम लागला, दोनदा बसावं लागलं. तिसऱ्यांदा ती खाजामियाँचा हात धरून चालली. गल्लीत त्या घराच्या ओट्यावर टरबुजांची रास होती आणि दारावर उद्याच्यासाठी नवा पडदा लावलेला होता. पडदा सारून सईदाच बाहेर आली. हातांवर ओली मेंदी, म्हणून कोपरानं पडदा धरलेला. होणाऱ्या सासूला एक दिवस आधीच दारात बघून ती लाजली, तिला सलाम करता येईना, आणि खाजामियाँच्या मनात आलं की अजूनही मागे फिरावं.

बीबीजान तिला हाताला धरून आत घेऊन गेली. मेंदी आपल्या ओढणीला लागू दिली. घरातल्या मोठ्या माणसांना तिनं थांबायची खूण केली. मुलीला समोर बसवून तिच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "बेटी, माझा मकसूद मेला. तीन महिने झाले. मला आज कळलं, म्हणून आज आले."

सईदाला आधी समजलं नाही. बीबीजाननं तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच स्पष्ट आवाजात.

खाजामियाँ बाहेर ओट्यावर, टरबुजांशेजारी उभे राहिले होते. पडद्याआडून मुलीचं रडणं ऐकू येऊ लागलं. आधी दबलेलं, मग मोठं. कुणीतरी बाई तिला चूप, चूप करत होती. त्या बाईला अडवणारा बीबीजानचा बसलेला आवाज त्यांना ऐकू आला.

"रडू द्या तिला," ती म्हणत होती. "रड, बेटी. म्या बसले हाय."